लाल गाडी, राखाडी गाडी आणि माझी खुर्ची

माझ्याकडे गाडी नाही. सासरच्या मंडळींत हा माझा एकमेव गुण समजला जातो, आणि तोही त्यांना यंदाच सापडला.

झालं असं, की आमचे सासरे शेजाऱ्याच्या भिंतीवरचं तिरकं कॅलेंडर सरळ करायला स्टुलावर चढले आणि स्टुलासकट खाली आले. कॅलेंडर शेजाऱ्याचं, स्टूल शेजाऱ्याचं, पाय तेवढा आमच्या सासऱ्यांचा. सासरे म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. बाहेर सगळे त्यांना हेडसर म्हणतात, आणि मुलांना सोडून घरातही तेच नाव चालतं. जगातल्या प्रत्येक गोष्टीला दहापैकी मार्क द्यायची त्यांना सवय. चहा सहा. शेजारी तीन. ऑपरेशननंतर शुद्धीवर आले तेव्हा डोळे न उघडता "भूल आठ" म्हणाले, असं नर्सनं सांगितलं. मला त्यांनी पहिल्या भेटीत साडेचार दिले होते. लग्नाला बावीस वर्षं झाली, साडेचार तिथेच आहेत. बायकोनं एकदा माझ्या वतीनं विचारून पाहिलं. "पास आहेत ना?" एवढंच म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

तर मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घालून हेडसर खाटेवर पडले, आणि त्यांना हॉस्पिटलमधून घरी कसं न्यायचं यावर बाहेर कॉरिडॉरमध्ये सभा भरली. ॲम्ब्युलन्सचं नाव काढताच आतून आवाज आला, "ॲम्ब्युलन्समधून नापास लोक जातात!" टॅक्सीचं मी सुचवलं, तर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी हातगाडी सुचवली. घरात दोन-दोन गाड्या असताना भाड्याची? लोक काय म्हणतील?

या दोन गाड्या म्हणजे एक माझ्या मेहुण्याची आणि एक माझ्या साडूची.

मेहुणा दातांचा डॉक्टर. आयुष्यभर लोकांच्या तोंडात बघून त्याला मोकळ्या हवेची ओढ लागली असावी, म्हणून पन्नाशी उलटल्यावर त्यानं एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली. लाल, बुटकी, दोन माणसांची, बिनछपराची. तिचं वय डॉक्टरपेक्षा जास्त. ती चालू करायला एक बटण ओढायचं, एक दाबायचं आणि मधल्या वेळात गप्प बसायचं असतं. रस्त्यानं गेली की लोक वळून बघतात. निम्मे रूपाला, निम्मे आवाजाला.

साडू फरशांचा व्यापारी. त्याची गाडी नवी, राखाडी, लांबलचक, दिवाणखान्यासारखी. तिला आवाजच नाही. म्हणजे इंजिनाला नाही. बाकी ती बोलते खूप. दार उघडलं की नमस्कार करते, सीट गरम करू का विचारते, पाठ चेपून देते. साडू बायकोशी जितकं बोलत नाही तितकं गाडीशी बोलतो, असं ताईचं म्हणणं आहे. ताई म्हणजे माझी मेहुणी, हिची थोरली बहीण.

"बाबा माझ्याच गाडीत बसणार," डॉक्टर म्हणाला. "गाडीत बसल्यासारखं तरी वाटेल त्यांना."

"बसल्यासारखं म्हणजे रस्त्यावर बसल्यासारखं ना?" साडू म्हणाला. "बूड जमिनीपासून वीतभर वर. मुंगीशी नजरानजर होते."

"तुमच्या गाडीत माणूस बसत नाही, भावोजी. ठेवला जातो. फरशीसारखा."

आवाज वाढला. नर्सनं दोनदा डोकं बाहेर काढलं. शेवटी आतून हुकूम आला, "भांडू नका. परीक्षा घ्या. परीक्षक असा नेमा की ज्याला विषयातलं काही कळत नाही, म्हणजे पक्षपात होणार नाही."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

मी नाही म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण बायको शांतपणे म्हणाली, "नसेल जमत तर राहू दे. बाबांना आपण आपल्याकडेच नेऊ. खिडकीतली तुमची खुर्ची पाय लांब करायला चांगली आहे."

आता या खुर्चीबद्दल सांगायला हवं. घर हिचं आहे. कपाटं हिची आहेत. टीव्हीचा रिमोट कुणाचा आहे हे अजून ठरायचंय. माझं म्हणाल तर जगात एक वेताची खुर्ची आहे. उंच पाठीची, रुंद हातांची. उजव्या हातावर कपाच्या मापाचा गोल डाग आहे, तो मी पाडलाय. दिवसभर पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रार विभागात बसून लोकांचं ऐकून घेतलं, की संध्याकाळी मी त्या खुर्चीत बसतो आणि तिथे मला कुणी काही सांगत नाही. हेडसर तिच्यात एकदा बसले की उठवणार कोण?

"परीक्षा घेतो," मी म्हणालो.

हेडसरांनी विषय ठरवून दिले: चढणं, बसणं, धक्के, आवाज आणि वर्तणूक. गाडीची वर्तणूक कशी तपासायची, हे विचारायची हिंमत मला झाली नाही.

आमच्या तळमजल्याला एक वकील राहतात. बातमी त्यांना जिन्यातच लागली. "परीक्षक झालात?" ते म्हणाले. "एक सल्ला देतो. लेखी काही देऊ नका. आणि दुसरा, पेशंटचा पाय वाकत नाही, तुमचा वाकतो. वाकणाऱ्या पायानं घेतलेली परीक्षा उद्या कुणीही उडवून लावेल."

मला पटलं, हीच माझी चूक. वकिलांनी स्वतः खाली बसून माझा डावा पाय पडद्याच्या दांडीला मांडीपासून घोट्यापर्यंत बांधला. बँडेज आमचं, गाठी त्यांच्या. वकिलानं मारलेली गाठ कधी सुटत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

परीक्षेसाठी मी ऑफिसात रजा टाकली. कारण लिहिलं, सासरे आजारी. खोटं काहीच नव्हतं त्यात. हे आत्ताच सांगून ठेवतो, पुढे लागेल.

पहिला पेपर लाल गाडीचा. तिच्यात चढायचं नसतं, उतरायचं असतं. मी आधी ताठ पाय आत घातला, तर बाकीचा मी बाहेर राहिलो. मग आधी मी आत गेलो, तर पाय बाहेर राहिला. डॉक्टरनं मला काखेत धरलं, वकिलांनी टाच धरली, आणि दाढ बसवावी तसं मला सीटमध्ये दाबून बसवलं. पाय काही केल्या समोर मावेना. शेवटी तो काचेवरून पुढे काढला. म्हणजे मी आत, आणि माझं डावं पाऊल गाडीच्या नाकाच्या दिशेनं हवेत, दिशा दाखवल्यासारखं.

"छान दिसतंय," डॉक्टर म्हणाला आणि स्वतःचा काळा चष्मा माझ्या डोळ्यांवर चढवला. "धूळ जाते हो डोळ्यांत."

गाडी निघाली. धक्क्यांबद्दल एवढंच सांगतो, की रस्त्यात कुठेकुठे पाइपलाइनसाठी खोदून बुजवलंय हे मी आमच्याच ऑफिसच्या नकाशावर पाहिलं होतं, पण ते माझ्या मणक्यानं पहिल्यांदाच वाचलं. आवाज असा, की डॉक्टर काहीतरी बोलत होता आणि मला फक्त त्याचे दात दिसत होते.

सिग्नलला आम्ही थांबलो. शेजारी एक बस थांबली. सगळी बस माझ्या पावलाकडे बघत होती. आणि बसच्या पुढून रस्ता ओलांडत, हातात डबा घेतलेले आमचे ऑफिसचे साहेब.

मी तोंड फिरवलं. पण पाय कसा फिरवणार?

साहेब गाडीजवळ आले. लाल गाडी बघितली, काळा चष्मा बघितला, मग पाय बघितला. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग पायापाशी येऊन विरघळला. "अरे अरे अरे! आणि अर्जात सासरे लिहिलंत? स्वतःचं दुखणं लपवलंत? काय हा मोठेपणा!"

मी काही बोलायच्या आत सिग्नल सुटला आणि गाडीनं जी गर्जना केली, तिच्यात माझा खुलासा वाहून गेला.

परिणाम काय झाला? दुसऱ्या दिवसापासून मला ऑफिसात लंगडत जावं लागलं. तेही पडद्याची दांडी बांधून. घरात पडदा नाही, त्यामुळे समोरच्या बिल्डिंगला आमचं सगळं दिसतंय. ऑफिसात माझ्यासाठी पाय ठेवायला स्टूल आणलं, सगळ्यांनी आळीपाळीनं "कसं वाटतंय?" विचारलं, आणि ज्या तक्रारदाराला मी खिडकीवर उभं राहून उत्तर द्यायचो, तो आता मला बघून "राहू द्या साहेब, नळ काय, येईल पाणी" म्हणून परत जायला लागला. तक्रार विभागाचं काम इतकं सुरळीत कधी चाललं नव्हतं.

दुसरा पेपर राखाडी गाडीचा, साडूच्या बिल्डिंगच्या तळघरात. इथे चढणं म्हणजे सुखच. दार आपण होऊन उघडलं, बाईच्या आवाजात नमस्कार झाला, सीट मागे सरकली, पाय ऐसपैस लांब झाला. पाठ चेपून घेताना मला डुलकी लागायच्या बेतात होती. मनात मी दहाचा आकडा लिहूनसुद्धा टाकला.

"आता गंमत बघा हं, साडूभाऊ," असं म्हणून साडूनं किल्लीवरचं एक बटण दाबलं. "ही माणसाला ओळखते. तुमच्या ताईची बसायची पद्धत पाठ आहे हिला."

ताई उंचीनं बेताची आहे. सीट हलू लागली. मागे नव्हे, पुढे. हळूहळू, अतिशय नम्रपणे, कुठेही न अडखळता. मी म्हणालो, "अहो." मग म्हणालो, "अहो अहो." पाय समोरच्या फळीला टेकला, दांडी वाकली, गुडघा नको त्या दिशेला जायला लागला.

"थांबवा!" मी ओरडलो.

"माफ करा, मला समजलं नाही," गाडी म्हणाली.

"थांब गं बाई," साडू म्हणाला.

"जवळची थांबण्याची जागा शोधत आहे," गाडी म्हणाली.

तळघरात नेटवर्क नव्हतं, त्यामुळे ती शोधतच राहिली. साडूनं कंपनीला फोन लावायला वर धाव घेतली, आणि जाताना सवयीनं किल्लीचं बटण दाबून गाडीला कुलूप लावून गेला. मी आत. पाठ चेपणं चालूच. वर कुठेतरी साडूला फोनवर गाणं ऐकवत असावेत, कारण तो बराच वेळ आला नाही. गाडीनं मात्र माझी सोबत सोडली नाही. मधूनमधून विचारत होती, "आपण दमलेले वाटता. थोडी विश्रांती घ्यावी का?" एवढ्या वर्षांत मला हे पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं, आणि तिनंच मला उत्तर देण्याच्या स्थितीत ठेवलं नव्हतं.

दोन्ही पेपर तपासून मी बेरीज केली. लाल गाडीला रूपाचे ग्रेस मार्क धरून आणि राखाडीला नम्रतेचे धरून दोघी सारख्याच आल्या. मी मुद्दाम केलं नव्हतं. पण कुणाचा विश्वास बसेना. डॉक्टर म्हणाला पेपर फुटला, साडू म्हणाला परीक्षकाला चष्मा पुरवला गेला. दोघं पुन्हा कॉरिडॉरमध्ये तावातावानं भांडू लागले, आणि तेवढ्यात हाडांचे डॉक्टर बाहेर आले.

"उद्या सोडतो," ते म्हणाले. "मात्र तीन महिने जिना नाही."

हेडसरांचं घर चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. तोपर्यंत सगळे घरी, घरी म्हणत होते. घरी म्हणजे कुणाच्या, हे कुणी विचारलंच नव्हतं.

आमची ही व्यवहारी बाई. म्हणाली, "सोपं आहे. ज्याची गाडी, त्याचं घर. परत परत उचलाउचल नको."

कॉरिडॉर एकदम शांत झाला. इतका, की नर्सनं काय झालं म्हणून डोकं बाहेर काढलं.

डॉक्टरनं घसा साफ केला. "तसं बघायला गेलं तर," तो साडूला म्हणाला, "तुमची गाडी फार आरामशीर आहे हो."

"छे छे," साडू म्हणाला. "पण शान? शान तुमच्याच गाडीची."

त्या दिवशी मला जे फोन आले, तसे कुठल्याच परीक्षकाला आले नसतील. फेरतपासणीत मार्क कमी करून मागणारे विद्यार्थी मी पहिल्यांदाच पाहिले.

"जावईबापू," डॉक्टर म्हणाला, "वर्तणुकीत ब्रेकला तुम्ही सात दिलेत? ब्रेक आहे कुठे तिला? पायाशी एक दांडा आहे, मनाच्या समाधानासाठी."

"पण गाडी थांबली की सिग्नलला!"

"चढ होता तो."

फोन ठेवतो न ठेवतो तोच साडू. "साडूभाऊ, ते पाठ चेपण्याचे दहा काढून टाका. हेडसरांचं हाड नुकतंच जुळतंय. चेपून चेपून निसटलं म्हणजे?"

"चेपणं बंद करता येतं की."

"तिला आवडत नाही बंद केलेलं."

मी झुंजलो. खुर्चीच्या हातावर कप ठेवून, त्या गोल डागावर बरोब्बर ठेवून, मी दोघांचेही मार्क वाढवत होतो आणि ते दोघं खाली ओढत होते. डॉक्टर म्हणाला, त्याच्या घरात क्लिनिकच्या मशिनचा आवाज येतो. साडू म्हणाला, त्याच्या घरात फरशी इतकी गुळगुळीत आहे की धडधाकट माणूससुद्धा भिंत धरून चालतो. वकील वर येऊन म्हणाले, "एक सल्ला देतो. दोघांनाही नापास करा." म्हटलं, मग राहतो कोण? ते खुर्चीकडे बघून जिना उतरायला लागले.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या फाटकाशी दोन्ही गाड्या हजर होत्या. एक डाव्या बाजूला, एक उजव्या. लाल गाडीचं तोंड उघडं होतं आणि डॉक्टर आत डोकावून मान हलवत होता. "चालूच होत नाही हो. असं कधी करत नाही बिचारी." त्याच्या कोटाच्या खिशातून एक वायर लोंबत होती. राखाडी गाडीच्या काचेमागे साडू हताश बसला होता. तिच्या पडद्यावर लिहिलेलं, 'सुधारणा सुरू आहे. कृपया हलवू नये.' ही सुधारणा कुणी सुरू केली, असं ताईनं विचारलं. "तिनंच," साडू म्हणाला. "तिला सुधारायची फार हौस."

आत बिलाच्या खिडकीवर वेगळीच गंमत. हेडसर चाकाच्या खुर्चीत बसलेले, प्लास्टरचा पाय तोफेसारखा पुढे. बिल झालेलं, गोळ्या मिळालेल्या. फक्त बाहेर सोडायच्या पासावर सही राहिली होती.

"वाहन क्रमांक?" खिडकीतला कारकून म्हणाला.

"वाहन बंद पडलंय," मी म्हणालो.

"बंद का असेना, क्रमांक सांगा."

मी दारातून बाहेर डॉक्टरकडे बघितलं. तो वायर खिशात ढकलत होता. साडूला काचेतून खूण केली. त्यानं पडद्याकडे बोट दाखवलं.

"क्रमांक नसला तर?"

"तर पेशंट सुटत नाही. मागे एक पेशंट असाच गेला होता. कशातून गेला ते अजून शोधतायत."

"अहो, पण आमचं घर जवळ आहे. दोन गल्ल्या सोडून."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं, मला सांगता येणार नाही. दमलेला माणूस होतो. रात्रभर मार्क वाढवले होते. बायकोनं माझ्याकडे बघितलं. तिनं पिशवी उचलून खांद्याला लावली, आणि बावीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, त्याचा अर्थ ठरलं असा होतो.

"ह्या खुर्चीला नंबर आहे," हेडसर अचानक म्हणाले. "पाठीमागे, पिवळ्या रंगात. मला बसवताना बघितला मी. सतरा. लिहा."

कारकुनानं खिडकीतून वाकून खात्री केली. रकाना भरला गेला, याचा त्याला मनापासून आनंद झाला. "आणि चालक?"

"जावई," हेडसर म्हणाले. "धाकटे."

अशी आमची मिरवणूक निघाली. मी खुर्ची ढकलतोय, बायको औषधांची पिशवी घेऊन शेजारी, ताई हेडसरांची उशी छातीशी धरून. फाटकाबाहेर दहा पावलं गेलो नसू, तोच मागे गर्जना झाली. चमत्कार! लाल गाडी चालू झाली होती. पाठोपाठ राखाडी गाडीची सुधारणाही पूर्ण झाली. पण आता पासावर सतरा नंबर पडला होता, त्यामुळे दोघं निर्धास्त मनानं हळूहळू मागून यायला लागले. डॉक्टर हात हलवून रहदारीला बाजूला करत होता. "सावकाश हो जावईबापू! खड्डा आहे पुढे!" साडू काच खाली करून ओरडत होता, "डावीकडून घ्या, डावीकडून!" एवढी मदत मला आयुष्यात कधी मिळाली नव्हती.

हेडसर समोर बघत बसले होते. मी वाकून "धक्के बसतायत का?" विचारलं.

"सहा," ते म्हणाले. मग जरा वेळानं, मागे न बघता, आवाज खाली आणून म्हणाले, "चाळीस वर्षं शिकवलं. अभ्यास न करता नापास झालेली मुलं पुष्कळ पाहिली. नापास व्हायचा अभ्यास करणारी नव्हती पाहिली. घरातच दोन निघाली."

मी खड्डा चुकवला.

"वळण्याला आठ," ते म्हणाले.

गल्लीच्या तोंडाशी साहेब भेटले. भेटणारच. त्यांनी माझे दोन्ही पाय बघितले, जे टुणटुणीत चालत होते. मग हेडसरांचं प्लास्टर बघितलं. मग मागच्या दोन गाड्या.

"पाय बरा झाला वाटतं?"

"हो साहेब."

"आणि जुना ह्यांना दिलात?"

या विषयावर ऑफिसातून आलेल्या कागदाला मी अजून उत्तर देतोय.

आमची लिफ्ट त्या दिवशी खुशीत होती. हेडसर दुसऱ्या मजल्यावर आले, घरात आले, त्यांनी एकदा सगळीकडे नजर फिरवली आणि सरळ खिडकीकडे बोट दाखवलं. मी उशी लावून दिली. त्यांनी पाठ टेकली, डोळे मिटले, उजव्या हातावरचा गोल डाग बोटानं चाचपून पाहिला.

"नऊ," ते म्हणाले.

आमच्या घरात या आधी कशालाच नऊ मिळाले नव्हते.

पुढचे तीन महिने मी स्टुलावर काढले. हेच स्टूल ऑफिसनं माझ्या पायासाठी दिलं होतं, नंतर घरीही पोचवलं होतं, आणि परत न्यायला कुणी आलं नव्हतं. हेडसर खुर्चीत बसून समोरच्या बिल्डिंगला मार्क देत. (पडदा अजून लागला नव्हता.) डॉक्टर आणि साडू नेमानं भेटायला येत. गाड्या खाली लावत, एक डावीकडे, एक उजवीकडे, वकिलांच्या दारासमोर, आणि वकील मला वर येऊन नोटीस द्यायची धमकी देत. हेडसर दोघांशी छान बोलत. कुणाला काही बोलून दाखवलं नाही. फक्त निघताना म्हणत, "ये. सांभाळून जा. ब्रेक नाही ना तुझ्या गाडीला," किंवा "फार चेपून घेऊ नका हो." डॉक्टर जिन्यात थांबून मला विचारायचा, "बाबांना कुणी काही सांगितलं का?" मी तक्रार विभागातला चेहरा करून म्हणायचो, "नोंद घेतली आहे."

मला एक सांगायला लाज वाटते, पण सांगतो. संध्याकाळी मी घरी यायचो, स्टूल त्यांच्या शेजारी ओढायचो, आणि दिवसभराच्या तक्रारी त्यांना सांगायचो. ते प्रत्येक तक्रारीला मार्क द्यायचे. अमक्या बाईचा नळ सात. तमक्याचं गढूळ पाणी चार, भाषा चांगली नाही. इतक्या वर्षांत माझ्या कामात कुणी एवढा रस घेतला नव्हता.

प्लास्टर निघालं. हाडांच्या डॉक्टरांनी जिना चढायला परवानगी दिली. हेडसर म्हणाले, "चला, घरी." या वेळी घरी म्हणजे कुणाच्या, ते स्पष्ट होतं. आणि ते स्पष्ट होताच बिल्डिंगखाली दोन्ही गाड्या, धुऊन पुसून.

"बाबा माझ्याच गाडीत!" डॉक्टर म्हणाला.

"काहीतरीच काय! सीट कालपासून गरम करून ठेवलीय!" साडू म्हणाला.

ब्रेक परत आले होते. चेपणं पुन्हा गुणकारी झालं होतं. मी जिन्यात बसलो. पुन्हा परीक्षक व्हायची माझ्यात ताकद नव्हती, आणि पडद्याची दांडीही आता सरळ राहिली नव्हती.

"विषय एकच," हेडसर म्हणाले. "खुर्ची ज्या गाडीत मावेल, ती पास."

"कुठली खुर्ची?" मी विचारलं.

हे मी विचारायलाच नको होतं.

राखाडी गाडीच्या मागे साडूनं पाऊल हलवलं, तशी डिकी आपोआप, अदबीनं उघडली. खुर्ची आडवी घातली, उभी घातली, उलटी घातली. "माफ करा, सामान जास्त आहे," गाडी म्हणाली आणि डिकी खुर्चीच्या पायावर मिटायला लागली. मग खुर्ची लाल गाडीकडे नेली. तिला छप्परच नव्हतं. खुर्ची सरळ वरून शेजारच्या सीटवर ठेवली, पट्ट्यानं बांधली, आणि ती अशी ऐटीत बसली, जणू गाडी तिच्यासाठीच बनवली होती. उंच पाठ, रुंद हात, पाय दुमडायचा प्रश्नच नाही.

खुर्ची लाल गाडीत, हेडसर राखाडी गाडीत. इतका साधा निकाल होता. मागची सीट ताई, बायको आणि पिशव्यांनी भरली.

राखाडी गाडीची काच खाली आली. "जावईबापू," हेडसर म्हणाले, "तुमचे पाच केले."

बावीस वर्षांनी. "कशाबद्दल?" मी विचारलं. मनात सतरा नंबर होता, खड्डा होता, संध्याकाळच्या तक्रारी होत्या.

"अर्धा मार्क खुर्चीचा," ते म्हणाले. काच वर गेली. ती जाता जाता ते काहीतरी पुटपुटले, पण त्या गाडीच्या काचांतून आवाज येत नाही. एवढं मात्र दिसलं, की ते हसत होते.

लाल गाडी पुढे, राखाडी मागे. रस्त्यावरचे लोक वळून माझ्या खुर्चीकडे बघत होते. मी परत वर जायला वळलो, तेवढ्यात वकील दारात येऊन म्हणाले, "एक विचारू? त्यांचं घर चौथ्या मजल्यावर ना? लिफ्ट नाही ना? मग खुर्ची वर कोण नेणार?"

दातांच्या डॉक्टरला हात जपावे लागतात. साडूची कंबर धरते. मी चपला घातल्या आणि कोपऱ्यावरून बस पकडली.

बसमध्ये बसायला जागा नव्हती. उभाच राहिलो. सवय करून घ्यायलाच हवी होती.